बंद इंजिनातलं लोणी

गॅरेजात कोणी चकार शब्द काढत नव्हतं. काढायची बंदीच होती. कानसेन मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले, की गिऱ्हाइकांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, अशी तिथली शिस्त. रेडिओ बंद. चहाचे ग्लास खाली. मिस्त्रीचा साडू तिथेच पंक्चरं काढायचा आणि उरलेल्या वेळात मिस्त्रीचं माहात्म्य सांगायचा. तो तर अशा वेळी हाताची घडी घालून असा उभा राहायचा, की नवख्याला वाटावं, आत कोणाचं तरी ऑपरेशन चाललंय.

त्या सकाळी मास्तरांची मोटरसायकल लागली होती. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, पण इंजिनाच्या बाबतीत पक्के भाविक. त्यांनी किक मारली, इंजिन धडधडलं, मिस्त्रीने डोळे मिटले आणि त्याची मान हळूहळू डोलायला लागली. तेवढ्यात इंजिनाने एकदा खोकल्यासारखं केलं आणि ते बंद पडलं.

कोणी काही बोललं नाही. बंदी होती ना! पाळीची वाट बघणाऱ्या दूधवाल्याने मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी साडूकडे, साडूने छताकडे. मिस्त्री मात्र तसाच. डोळे मिटलेले, मान डोलतेय, चेहऱ्यावर अशी शांती की विचारू नका. बंद इंजिनाला कान लावून तो बराच वेळ ऐकत राहिला. मग स्क्रूड्रायव्हर बाजूला घेतला, डोळे उघडले आणि इंजिन मऊसूत चालत असल्याचं सर्टिफिकेट नेहमीसारखं एका शब्दात दिलं.

"लोणी!"

दूधवाल्याने ओठ दाबून धरले होते, ते सुटले. "अहो मिस्त्री, गाडी बंद आहे!"

मिस्त्रीने सायलेन्सरकडे बघितलं. धूर नाही. टाकीवर हात ठेवला. थरथर होती, पण ती इंजिनाची नव्हती. कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर घरघरत होता. त्याची घरघर फरशीतून स्टँडमध्ये, स्टँडमधून गाडीत आणि गाडीतून स्क्रूड्रायव्हरमध्ये चढत होती. एवढा वेळ तो कॉम्प्रेसरला लोणी म्हणत होता.

मिस्त्री काही बोलायच्या आत साडू पुढे सरसावला. "हसता काय? चालू इंजिन कोणीही ऐकेल! आमचा माणूस बंद इंजिन ऐकतो!"

टाळ्या पडल्या. मास्तर तर गहिवरले. "मिस्त्री, माझ्या मनात आलं होतं हो, तुम्ही चुकलात म्हणून. पण तुम्ही आमची परीक्षा घेत होतात. गाडी बंद पडली तरी कोणाचा विश्वास टिकतो ते बघत होतात."

"आता रस्त्याने जाताना नुसती गाडीची सावली बघून सांगेल हा," दूधवाला म्हणाला.

मिस्त्रीही हसला. चारचौघं हसत असताना आपणही हसावं, यासारखी सोपी पळवाट नाही.

कानसेन हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं, आणि ते काही उगाच पडलं नव्हतं. एकेकाळी जेवायला बसलेला मिस्त्री घास हातात धरून थांबायचा आणि म्हणायचा, "आत्ता गेली त्या गाडीची चेन ढिली आहे." खरोखरच असायची. पण तेव्हा तो इंजिन ऐकायचा ते संशय घ्यायला. मग हातात पाना यायचा. ऑईल काढून पांढऱ्या फडक्यावर टिपायचं, एअर फिल्टर उघडून बघायचा, झडपांच्या टॅपेटची फट मोजायची. इंजिनाचा एखादा भाग वेळेआधी झिजत असेल तर तो ओरडायच्या आधी कुजबुजतो, असं तो म्हणायचा, आणि कुजबुज ऐकली की खोलून खात्री करायचा.

पुढे कानाची कीर्ती वाढली आणि खोलण्याची पंचाईत झाली. मिस्त्रीने पाना उचलला की गिऱ्हाइकाचं तोंड पडायचं. "खोलून काय, कोणीही सांगेल! तुम्ही ऐका ना!" जणू खोलणं म्हणजे डॉक्टरने नाडी सोडून शेजाऱ्यांना विचारणं. हळूहळू मिस्त्रीलाही ते पटलं. कान असताना नट कशाला सोडायचे? हाताला काळं लागत नव्हतं, मान मिळत होता. पांढरी फडकी घरी गेली आणि बायकोने त्यांनी खिडक्या पुसल्या.

आणि गेलं वर्षभर तर येईल ते इंजिन लोणीच निघत होतं. मिस्त्रीची समजूत अशी, की कंपन्या सुधारल्या. माणसं मात्र बिघडली होती. दुकानदार, बसवाले, टीव्हीवरचे बातम्यावाले, सगळे तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. "हल्ली लोकांना शब्दसुद्धा सोडवत नाहीत," तो म्हणायचा. बायको म्हणायची, "अहो, एकदा कान दाखवून घ्या." हे वाक्य त्याला अगदी स्पष्ट ऐकू यायचं, आणि म्हणूनच तो त्याला उत्तर द्यायचा नाही.

आता कॉम्प्रेसरला लोणी म्हणून झाल्यावर मात्र त्या वर्षभरातल्या सगळ्या गोष्टी त्याच्यासमोर रांगेत येऊन उभ्या राहिल्या. कंपन्या सुधारल्या नव्हत्या. आणि त्या रांगेत सगळ्यात पुढे त्याची लेक होती.

लेक आरोग्य केंद्रात कामाला होती. लसींची थंड पेटी मोटरसायकलच्या मागे बांधून ती घाट चढून वरच्या वाडीला जायची. मध्ये दगडाची खाण, त्यामुळे अर्धा रस्ता धुळीचा. मागच्या आठवड्यात तिने गाडी दाखवायला आणली होती. "बाबा, चढावर काहीतरी खरखरतं," असं म्हणाली होती. त्याने डोळे मिटून ऐकलं होतं, मान डोलवली होती आणि म्हटलं होतं, लोणी. आज ती घाटात जाणार होती.

साडू अजून बंद इंजिनाची कथा नव्या गिऱ्हाइकाला ऐकवत होता, तेवढ्यात लेक आलीच. मागे पेटी बांधलेली, हेल्मेट कोपराला अडकवलेलं, इंजिन चालूच. मिस्त्रीने तिच्या इंजिनाकडे बघितलं आणि जीव कानात आणला. धडधड ऐकू येत होती, जाड, गोल, जवळची. धडधडीच्या मागे काय होतं, ते कळत नव्हतं. मागे काही नव्हतंच, की त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं?

"बाबा, मागच्या चाकात हवा बघा पटकन. बर्फ दुपारपर्यंतच टिकतो," म्हणत तिने गाडी बंद केली.

"आजच जातेस?"

"मग कधी? बाळं काय माझी वाट बघत लहान राहणार आहेत?"

"ये गं ये," साडू म्हणाला, "तुझ्या बापाने आज काय चमत्कार केला ऐक."

साडू चमत्कार सांगत होता तोवर मिस्त्री हवा भरायच्या निमित्ताने खाली बसला. खरं सांगायचं धाडस होईना, आणि तिला जाऊ द्यायचंही नव्हतं. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्याने केलं, म्हणजे वेडेपणा. त्याने गुपचूप प्लगची कॅप काढून ठेवली. लेकीने बोलता बोलता वाकून, खाली न बघता, ती परत बसवली. "कॅप निघाली होती बाबा." त्याने पेट्रोलचा कॉक बंद केला. किक मारायच्या आधी तिचं बोट आपोआप तिकडे गेलं आणि कॉक उघडला. "हा कोणी बंद केला?" मग त्याने सरळ चावीच काढून खिशात घातली. तिने हसत हसत त्याच्या खिशात हात घातला आणि चावी काढून घेतली. मेकॅनिकच्या घरात वाढलेल्या पोरीची गाडी बंद पाडायची, तीही तिच्या बापाने, म्हणजे आपल्याच शाळेत नापास व्हायची सोय.

"बाबा, झालंय काय तुम्हाला?"

"बसने जा."

"बसला वरपर्यंत रस्ता कुठे आहे? आणि गाडीला काय झालंय? तुम्हीच ऐकलीत ना!"

'तुम्हीच ऐकलीत ना' ह्याच एका वाक्यावर ती धुळीतून, खडीतून, दरीच्या कडेने बिनधास्त जात होती. उतरणीवर इंजिन जाम झालं तर मागचं चाकही तिथल्या तिथे जाम होतं. हे तिला सांगायची गरज नव्हती; त्यानेच शिकवलं होतं. तिने किक मारली. पेटीचा पट्टा एकदा ओढून बघितला.

मिस्त्री गाडीच्या पुढे आडवा उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

गॅरेज हसण्याने दणाणलं.

"चालू ऐकू येत नाही, बंद येतं!" दूधवाला म्हणाला.

"याला म्हणतात विनय," मास्तर म्हणाले.

"अरे खरंच येत नाही!"

"मग मघाशी बंद इंजिन कसं ऐकलंत?" मास्तरांनी गणित मांडलं, आणि त्या गणिताला तोड नव्हती.

मिस्त्रीने शपथ घेतली. हशा आणखी वाढला. तो चिडला. चिडल्यावर तर साडूला डोळे पुसावे लागले. आयुष्यभर त्याचा एक-एक शब्द ज्यांनी डोक्यावर घेतला, त्यांना त्याचा एवढा एकच शब्द खोटा वाटत होता. लेकही हसत होती. "पुरे हो बाबा, उशीर होतोय," ती म्हणाली आणि गाडी थोडी मागे घेऊन त्याला वळसा घालायला लागली.

तेव्हा त्याने तिच्यासमोर स्क्रूड्रायव्हर धरला. मूठ तिच्याकडे करून.

आता मात्र गॅरेजातलं हसणं थांबलं. ती वस्तू मिस्त्रीने कधी कोणाच्या हातात दिली नव्हती. साडूने एकदा त्या स्क्रूड्रायव्हरने रंगाचा डबा उघडला होता, तर दोघांच्या बायकांना मध्ये पडावं लागलं होतं.

"तू ऐक," मिस्त्री म्हणाला. "मी कधीपासून नुसता डोळे मिटतोय."

लेकीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग गाडी स्टँडवर लावली, खाली बसली, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागे लावली. तिने डोळे मिटले नाहीत. ती त्याच्याकडेच बघत होती. तिचं हसू लगेच गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर तसंच राहिलं, आणि मग तिथूनही गेलं. तिने टोक थोडं खाली सरकवलं, पुन्हा ऐकलं.

"बाबा," ती म्हणाली, "हे तुम्हाला ऐकू आलं नाही?"

मिस्त्रीने नाही म्हणून मान हलवली.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"डब्यात बारीक खडे घालून हलवल्यासारखं. खाली. आणि मधूनच ठक होतं."

"वेग वाढवला की?"

तिने हात लांब करून थोडा वेग दिला. तो आवाज ती ऐकत होती, आणि तो तिचा चेहरा वाचत होता. "वाढतो. ठक जवळ-जवळ येतं."

"बंद कर गाडी. क्रँकचं बेअरिंग गेलंय."

कोणी टाळी वाजवली नाही. मिस्त्रीने पसरट ट्रे खाली सरकवला आणि नट सोडला. गरम ऑईल काळ्या दोरीसारखं खाली आलं. पांढरं फडकं गॅरेजात उरलं नव्हतं; मास्तरांनी न बोलता स्वतःचा रुमाल दिला. मिस्त्रीने तो ऑईलमध्ये बुडवला आणि दारातल्या उन्हात धरला. रुमालभर चमचम होती, चंदेरी, बारीक. बाहेरच्या कोणी म्हटलं असतं, किती सुंदर. तो बेअरिंगचा चुरा होता.

मग त्याने एअर फिल्टर उघडला. फिल्टरपासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीला खालच्या अंगाने चीर गेली होती. नखाएवढी. आतून बोट फिरवलं तर बोटाला खाणीची धूळ आली, पिठासारखी. इंजिन कितीतरी महिने हवेबरोबर दगड खात होतं. नवंच होतं तसं. झिजायचं वय नव्हतं त्याचं.

"ह्याला कान लागतच नव्हता," मिस्त्री म्हणाला. "डोळे पुरले असते. दोन स्क्रू सोडायला हवे होते."

साडू गुपचूप आपल्या पंक्चरांकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याजवळचा माल संपला असावा.

लेकीने पेटीला हात लावून बघितला. "बर्फ," ती म्हणाली. "मला निघायला हवं. कोणाची तरी गाडी द्या."

"माझी ने," मास्तर लगेच पुढे झाले. दूधवाल्यानेही कॅन उतरवायला घेतले. "नाहीतर माझी घे, ताई. मजबूत आहे."

"नको," मिस्त्री म्हणाला.

"का?"

"त्यासुद्धा मीच ऐकल्यात."

मास्तरांचा पुढे केलेला चावीचा हात तसाच राहिला. त्यांनी आपल्या गाडीकडे बघितलं, दूधवाल्याने त्याच्या गाडीकडे. दारात ओळीने लावलेल्या सगळ्या गाड्या लखलखीत उभ्या होत्या, एकूण एक लोणी. गॅरेजभर मोटरसायकली, आणि त्यातली एकही घाटात न्यायच्या लायकीची आहे की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं.

रस्त्यापलीकडे आणखी एक गॅरेज होतं. त्याच्या मालकाला इकडची मंडळी खोलू म्हणायची, कारण हॉर्न वाजत नाही म्हणून कोणी गेलं तरी तो अर्धी गाडी खोलून ठेवायचा. मिस्त्रीने त्याची पुष्कळ टिंगल केली होती. आता तो रस्ता ओलांडून गेला. मागोमाग पेटी घेऊन लेक.

खोलूने गाडी पुसता पुसता मान वर केली. "या या कानसेन. आज पाय कसे लागले? कान कुठे ठेवून आलात?"

"गेले," मिस्त्री म्हणाला. "गाडी पाहिजे. पोरीला घाटात जायचंय. तू खोलून बघितलेली दे."

खोलू आणखी एक टोमणा मारणार होता. पण त्याने मिस्त्रीचा चेहरा बघितला, मागच्या पेटीकडे बघितलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. "माझीच न्या. थांबा, ऑईल बघतो."

"काल बघितलं नव्हतंस का?" लेक घाईला आली होती.

"काल बघितलंय, पोरी. पण काल घाटात जायचं नव्हतं."

त्याने ऑईल बघितलं, फिल्टर उघडला, नळीवरून बोट फिरवलं, ब्रेक दाबला, चेन खालीवर केली. मिस्त्री बाजूला उभा राहून त्याच्या हातांकडे बघत होता. एकही हालचाल नवी नव्हती. सगळ्या त्याच्याच जुन्या होत्या.

पेटी बांधून झाली. लेकीने हेल्मेट घातलं, मग काच वर केली आणि बापाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, ओठ दिसतील अशी. "संध्याकाळी येते. मग आपण दोघं जाऊ."

"कुठे?"

"कान दाखवायला."

"जाऊ," तो म्हणाला.

गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच उभा होता. आवाज त्याच्यापुरता आधीच संपला होता. धूळ मात्र बराच वेळ दिसत राहिली.

परत आला तर गॅरेजात मास्तर वाट बघत होते, आणि ते आता भाविक राहिले नव्हते. "ह्याच गाडीवर मी रोज नातीला शाळेत सोडतो, मिस्त्री. रोज! तुम्ही लोणी म्हणालात म्हणून. सांगायचं तरी होतंत."

"मी स्वतःलाच सांगत नव्हतो, मास्तर."

दूधवाला म्हणाला, "मी आपला खोलूकडे जातो," आणि गाडी सुरू करायला गेला. मग घाबरून ती तशीच ढकलत रस्त्यापलीकडे घेऊन गेला. त्याच्यामागे आणखी एक गेला. मिस्त्रीने कोणाला थांबवलं नाही. साडूला म्हणाला, "सायकल काढ. आठवतील तेवढ्या सगळ्यांच्या घरी जा. सांग, वर्षभरात ज्यांना ज्यांना मी लोणी म्हटलंय, त्यांनी गाडी घेऊन यावं. इथे नको वाटलं तर पलीकडे न्यावी. पण खोलून घ्यावी."

"आणि काय झालं म्हणून विचारलं तर?"

"माझ्या कानांचं सांग."

"असं सरळ?"

"तुला वाकडं सांगता येतंच. आज सरळ सांग."

साडू सायकल घेऊन गेला. जाताना दोनदा मागे वळून बघितलं, अजूनही ही थट्टा निघेल या आशेने.

मास्तर गेले नव्हते. राग होता, पण दुसरीकडे कुठे जायची सवय नव्हती. मिस्त्रीने ट्रे त्यांच्या गाडीखाली सरकवला, नट सोडला आणि उकिडवा बसून वाट बघायला लागला. ऑईलला घाई नसते. आधी धार आली, मग धार बारीक झाली, मग थेंब. मास्तर त्याच्या पाठीमागे उभे राहून काहीतरी विचारत होते. पूर्वी मिस्त्री अशा वेळी मान डोलवायचा. डोलवली की समोरच्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटायचं.

त्याने वळून बघितलं.

"समोर येऊन बोला, मास्तर," तो म्हणाला. "आणि जरा मोठ्याने."

मास्तर समोर आले. गुडघे धरत धरत खाली बसले, आणि वर्गात मागच्या बाकासाठी लावतात तो आवाज लावून त्यांनी विचारलं, "चमकतंय का काही?"

"बघू," मिस्त्री म्हणाला, आणि दोघेही ट्रेवर वाकले.